खपली गहू आणि तांबेऱ्याच्या संशोधनाचा इतिहास

खराडीच्या मुळा-मुठेकाठच्या शेतजमिनींची जागा आता बव्हंशी संगणक-उद्योगाच्या इमारतींनी घेतली आहे, आणि तेथील दुकानांतून खपली गव्हाचे पीठ साध्या गव्हाच्या पिठाहून चढ्या भावाने विकले जाते. गिऱ्हाइकास ते पथ्याचे अन्न म्हणून हवे असते. याच धान्याचे मराठी नाव सुमारे शंभर वर्षांपूर्वी वनस्पतिरोगशास्त्राच्या परिभाषेत जाऊन बसले, ही गोष्ट मात्र आपल्या विद्यार्थ्यांसही क्वचितच ठाऊक असते. प्रस्तुत लेखात तिचाच मागोवा घेतला आहे.

खपली हा एमर जातीचा गहू होय. मळणीनंतरही त्याचा दाणा तुसातून सुटत नाही. तो कांडावा लागतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत तो विहिरीच्या पाण्यावर घेतला जाई आणि खीर व पुरणपोळी यांसाठी आवर्जून राखून ठेवला जाई. त्याची रंगसूत्रे २८, तर नेहमीच्या पोळीच्या गव्हाची ४२. पुढील इतिहासात हा फरक वारंवार आड येतो.

रोगप्रतिकारकता मेंडेलच्या नियमांनुसार संततीत उतरते, हे केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्याच्या संदर्भात दाखविले. पण अडचण लवकरच ध्यानात आली. एका ठिकाणी निरोगी राहणारा वाण दुसरीकडे रोगास बळी पडे, कारण तांबेऱ्याचे कवक एकजिनसी नाही, त्याचे अनेक वंश आहेत. मिनेसोटाच्या स्टॅकमन व लेव्हिन यांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याचे हे वंश ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरविला. प्रत्येक वाणावर कोणता डाग उमटतो यावरून वंशाचा क्रमांक ठरे. त्या बारांपैकी एक खपली. आपल्याकडील शेतकऱ्याने दिलेले नाव अशा रीतीने प्रयोगशाळेतील मोजमापाचे साधन बनले.

खुद्द भारतात तांबेऱ्याचा प्रश्न निराळ्या अंगाने सोडविला गेला. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणाने सिद्ध केले की, मैदानी उन्हाळ्यात या कवकाचे बीजाणू टिकत नाहीत. ते निलगिरी, पळणी व हिमालयाच्या थंड डोंगरांत तग धरतात आणि वाऱ्यासवे पुन्हा खाली येतात. युरोप-अमेरिकेत दारुहळदीच्या कुळातील झुडपे उपटून रोगाची एक वाट बंद करता आली. येथे त्या झुडपांचा काही संबंधच नव्हता. वारा अडविता येत नाही, म्हणून प्रतिकारक बियाणे हाच मुख्य उपाय उरला. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातील गव्हाची जी वाताहत झाली, तिने हे निर्विवाद ठरविले. निफाडचे गहू संशोधन केंद्र १९३२ पासून चालू होते. तेथील गव्हाचा केनियातील गव्हाशी संकर करून ‘केनफड’ वाण तयार झाले. दोन्ही घराणी नावातच दिसतात. महाबळेश्वरच्या थंड हवेत तांबेऱ्याच्या चाचण्या होऊ लागल्या.

घरचा खपली असताना केनियाकडे का पाहावे लागले? उत्तर वर सांगितलेल्या रंगसूत्रांच्या फरकात आहे. पोळीच्या गव्हाशी त्याचा संकर केला असता संतती बहुधा वांझ निघते. सिडनी विद्यापीठातील वॉटरहाउस यांनी १९३० नंतरच्या दशकात चिकाटीने ही अडचण ओलांडली आणि ‘स्टाइनवेडेल’ व खपली यांच्या संकरातून ‘खपस्टाइन’ हा फलक्षम गहू मिळविला. पुढे १५-ब या वंशाने १९५० नंतर उत्तर अमेरिकेतील गव्हाची दैना केली. तेव्हा कॅनडाच्या नॉट यांनी खपस्टाइनचे पृथक्करण करून १९६२ मध्ये त्यातील प्रतिकारक जनुके वेगळी दाखविली. त्यांपैकी एकास आज एसआर-१३ म्हणतात. युगांडात १९९८ मध्ये मिळालेल्या आणि ‘यूजी-९९’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वंशाने रायपासून आणलेल्या एसआर-३१ या जगभर विसंबून ठेवलेल्या जनुकास निष्प्रभ केले. एसआर-१३ मात्र त्याच्यापुढे टिकले. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी त्याची रासायनिक रचनाही उलगडली.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक वाटतात. एसआर-१३ अजिंक्य नाही: इथिओपियात त्यावर मात करणारे वंश आढळले आहेत. दुसरी गोष्ट इतिहासलेखनाची आहे. ग्रंथांत ‘खपली’ म्हणजे परदेशी संग्रहातील एक क्रमांकित नमुना. आपल्या शेतात खपली म्हणजे अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले मिश्र बियाणे. दोहोंस एकच मानणे चुकीचे आहे. एकाची कसोटी लागली म्हणून दुसऱ्याचीही लागली, असे होत नाही. ज्या कुटुंबांनी हे बियाणे राखले, त्यांच्या लेखी राखण्याचे कारण खीर व पोळी हे होते, तांबेरा नव्हे. म्हणून श्रेय कमी होत नसले तरी ते कशाचे, हे नीट सांगितले पाहिजे.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने होळ येथील प्रक्षेत्रावर खपलीचे संवर्धन चालविले असून एमएसीएस २९७१ हा बुटका वाण तिचाच आहे. त्याच्या प्रसाराबरोबर सातारा-सांगलीकडील जुने मिश्र बियाणे मागे पडत जाण्याचा संभव आहे. ते गावनिहाय गोळा करून महाबळेश्वरी आजच्या वंशांपुढे तपासणे, हे एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास पुरेसे काम आहे. खराडीच्या दुकानातील पिशवीवर तर वाणाचे नाव बहुधा छापलेलेही नसते.