घोळाना

घोळाना (घोळाणा) : कच्च्या पालेभाजीत शेंगदाण्याचे कूट, तेल व मीठ कालवून केलेले तोंडीलावणे. नांदेड, लातूर व आसपासच्या मराठवाड्यात ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात, खानदेशातही प्रचलित. कोशिंबिरीच्या वर्गातला असला तरी यात सहसा दही नसते. घोळ या रानभाजीशी गल्लत करू नये.

पाला : मेथी, कांद्याची पात, हरभरा, करडई, मुळा व पाथरी यांचा कोवळा पाला वापरतात. मेथी व पात आज बाजारातून येतात. हरभरा व करडई यांचा पाला मात्र रब्बीच्या मशागतीतून मिळतो, आणि घोळान्याला हंगामी पदार्थ म्हणायचे ते या दोन पिकांमुळे.

करडईची पेरणी साधारणतः सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. उगवणीनंतर १०-१५ दिवसांनी विरळणी करून दोन ओळींत ४५ सेंमी. व दोन झाडांत २० सेंमी. अंतर राखतात. उपटलेली रोपे टाकून न देता घरी आणली जातात. पुढे पाने राठ होऊन कडांना काटे येतात, तेव्हा ती कच्ची खाण्याजोगी राहत नाहीत. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२, २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव) ‘परभणी कुसुम’ हा काटेरी व ‘परभणी-४०’ हा बिनकाटेरी वाण दिला. निवड बियांचे उत्पादन व काढणीची सोय पाहून झाली. पाल्याची चव हा निकष नव्हता. लातूर भागात सोयाबीन-हरभरा ही पीकपद्धती रुळल्यावर करडईचे क्षेत्र घटले आणि तिचा घोळानाही कमी झाला.

हरभऱ्याचे शेंडे पेरणीनंतर सुमारे महिन्या-सव्वा महिन्याने, फुलोऱ्यापूर्वी खुडतात. त्यामुळे झाडाला बगलफांद्या फुटतात. पानांवरील सूक्ष्म केसांतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले पाझरतात. पाल्याचा आंबटपणा त्यांचाच. पहाटे पिकावर कापड फिरवून हीच आंब पिळून घेण्याची व पोटदुखीवर देण्याची जुनी रीत आहे. या पाल्याच्या घोळान्यात लिंबू लागत नाही. खुडलेला पाला धुतला की आंब बरीचशी उतरते. म्हणून शेतातच खाणारे तो न धुता घेतात. फवारणी झालेल्या पिकाबाबत ही सवय धोक्याची आहे.

कृती : पाला निवडून, धुऊन, निथळून बारीक चिरतात. मेथी चुरगळत नाहीत, कारण तिचा कडूपणा वाढतो. चिरलेला कांदा, हिरवी मिरची किंवा काळे तिखट, भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट व कच्चे तेल घालून हाताने हलकेच कालवतात. मीठ शेवटी, पान वाढताना. आधी घातल्यास पाला पाणी सोडून मलूल पडतो. तेल पूर्वी घाण्याचे करडईचे असे. काही घरांत वरून लसूण-मोहरीची फोडणी देतात. फोडणी दिलेला तो घोळानाच की निराळा पदार्थ, याबद्दल घरोघरी मतभेद आहेत.

सण : लातूर, धाराशिव व नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या (येळवस) शेतात साजरी होते. तेव्हा हरभरा ऐन हिरवा असतो. त्या दिवशीची भज्जी ही मिश्र भाजी मात्र घोळान्यासारखी कच्ची नसून शिजवलेली असते.

तुलना : ब्रह्मदेशात हाताने कालवलेल्या पदार्थांचा ‘थोक’ हा मोठा वर्ग आहे. मुरवलेल्या चहाच्या पानांचा ‘लाफे थोक’ त्यांत सर्वपरिचित. घोळान्याला जवळचा आहे तो मंडूकपर्णीच्या कच्च्या पानांचा. त्यात शेंगदाण्याचे कूट, भाजलेले हरभऱ्याचे पीठ, कांदा तळलेले तेल, लिंबू व बहुधा माशांचा खारट अर्क असतो. पाल्याचे पाणी पीठ व कूट शोषून घेतात, तेलाने मसाला पानांना धरून राहतो. ही युक्ती दोन्हीकडे सारखीच. माशांचा अर्क आणि पिठाचा सढळ वापर हे ब्रह्मी विशेष. मराठवाड्यात खारटपणा केवळ मिठाचा आणि घट्टपणा कुटाचा. साम्य घटक व क्रियेपुरते मानावे.

आहारमूल्य : पाला शिजत नसल्याने त्यातील क जीवनसत्त्व बरेचसे टिकते.