कचऱ्याची गाडी, पाण्याची गाडी

परवा रविवारी मावशीचा फोन आला, एकदम तणतणत. "अरे, आमच्या गल्लीमागच्या मोकळ्या जागेत म्हणे कचऱ्याचं स्टेशन येणार! घंटागाड्या तिथे रिकाम्या करणार, मग मोठ्या ट्रकमधून सगळं डेपोला. तू इंजिनिअर ना, सांग बरं, वास येणार की नाही?"

मी थिअरी झाडली. प्रत्येक छोटी गाडी डेपोपर्यंत पळवण्यात डिझेल आणि वेळ वाया जातो, म्हणून मध्ये हा टप्पा. आमच्या भाषेत बफर! वेळेवर रिकामा झाला तर ठीक, तुंबला की सगळी सिस्टीम बोंबलते.

"म्हणजे ट्रक आला नाही की घाण आमच्या दारात," मावशी म्हणाली. घ्या!

मग जुनं काहीबाही वाचत बसलो. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि शहराची घाण लांब नेऊन टाकायची घाई झाली. पुढच्या काही वर्षांत महालक्ष्मीहून चक्क रेल्वेने कचरा चेंबूरकडच्या दलदलीत जाऊ लागला. कुर्ला-चेंबूर प्रवासी गाडी 1924 ची, म्हणजे तिकडे माणसांआधी कचरा रेल्वेने पोचला. 1927 पासून देवनारचं डंपिंग ग्राउंड. तेव्हा ते शहराबाहेर होतं, मग शहरच तिथवर गेलं. जानेवारी 2016 मध्ये तिथे आग लागली आणि धूर मुंबईवर पसरला.

त्याच वर्षी 11 एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. 10 डबे, जवळपास 5 लाख लिटर, अंतर सुमारे 340 किलोमीटर. मुंबईने रेल्वेने कचरा बाहेर धाडला, लातूरने रेल्वेने पाणी आत आणलं! या दोन गाड्यांचा संबंध काय? तर ओला कचरा कुजला की त्यातून काळं पाणी झिरपतं आणि जमिनीत उतरतं. लातूरचा कचरा वरवंटीला गेला, नांदेडचा तुप्प्याला. जिथे उन्हाळ्यात बोअरचाच आधार, तिथे हे परवडणारं नाही. पुण्याजवळ फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी विहिरी नासल्या म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या.

गंमत म्हणजे, ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, असं सांगणारे नियम 8 एप्रिल 2016 ला निघाले. पाण्याची गाडी सुटायच्या बरोब्बर 3 दिवस आधी! ओला कचरा गल्लीतच जिरला तर बफरमध्ये कुजायला उरतं काय?

संध्याकाळी मावशीला फोन केला. म्हटलं, नुसतं नको म्हणू नकोस, 3 प्रश्न विचार. कचरा तिथे किती तास राहणार? वर छप्पर आणि खाली पक्की फरशी आहे का? झिरपलेलं पाणी कुठे जाणार? आणि उत्तर लेखी घे.

"विचारते," मावशी म्हणाली. "पण तुझ्या फ्लॅटचा कचरा कुठे जातो रे?"

मला सांगता आलं नाही. असो. पुढच्या शनिवारी सोसायटीच्या घंटागाडीमागे बाईक काढणार आहे.