‘पवित्र’ आणि ‘शुचि’

गंगाजल, दर्भ, पोथी या सर्वांना आपण ‘पवित्र’ हे एकच विशेषण लावतो. ऋग्वेदातील ऋषींना हा प्रयोग काहीसा चमत्कारिक वाटला असता. कारण त्यांच्या लेखी ‘पवित्र’ म्हणजे मुख्यतः सोमरस गाळण्याची मेंढीच्या लोकरीची गाळणी. ‘खनित्र’ हे जसे खणण्याचे साधन, तसे ‘पू’ धातूपासून झालेले ‘पवित्र’ हे शुद्ध करण्याचे साधन होय. नवव्या मंडलातील ११४ सूक्ते ज्या ‘पवमान’ सोमाला उद्देशून आहेत, त्याचे ते नावही याच धातूचे.

‘शुचि’चे कूळ निराळे. ‘शुच्’ म्हणजे तळपणे, जळणे. अग्नी शुचि आहेच. पण वैदिक मासनामांत ग्रीष्माच्या दोन महिन्यांनाही शुक्र आणि शुचि अशीच नावे आहेत. ती देणाऱ्याच्या मनात उन्हाची धगच असली पाहिजे. अंतःकरण जाळणारा ‘शोक’ही या शब्दाचा सख्खा भाऊ, हे सहसा ध्यानात येत नाही.

लॅटिन ‘पूरुस’ हा ‘पू’च्या गोत्रातला, ग्रीक ‘हाग्नोस’चे नाते मात्र ‘यज्’ धातूशी जोडतात. हिब्रू भाषेचा काटेकोरपणा विशेष मननीय आहे. तीत ‘ताहोर’ म्हणजे शुद्ध, मग ते निर्भेळ सोने का असेना. आणि ‘कादोश’ म्हणजे देवाकरिता राखून ठेवलेले. लेवीय ग्रंथात याजकांना दोन वेगवेगळे भेद ओळखण्यास सांगितले आहे: पवित्र आणि सामान्य यांतला एक, शुद्ध आणि अशुद्ध यांतला दुसरा. म्हणजे एखादी वस्तू पूर्णपणे शुद्ध असूनही सामान्यच राहू शकते. मराठीत ही दोन्ही ओझी एकट्या ‘पवित्र’ शब्दावर पडली आहेत.

गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाला ‘पवित्र’ म्हटले आहे. वर्गात त्याचा अर्थ ‘मंगल’ असा सांगून आपण पुढे जातो. शंकराचार्यांनी मात्र भाष्यात ‘पावन’, ‘शुद्धिकर’ असा स्पष्ट खुलासा केला आहे. साधनवाचक शब्द गुणवाचक झाला, की वस्तूला, आणि पुढे कुळालाही, पावित्र्य जन्मतःच चिकटवणे सोपे जाते. हे अर्थांतर निरुपद्रवी होते असे मला वाटत नाही.

कर्मकांडाने मात्र, विलक्षण म्हणजे, जुना अर्थ सांभाळला. याज्ञिक बोटात घालतात त्या दर्भाच्या वळ्याला आजही ‘पवित्र’च म्हणतात, आणि श्रावणी पौर्णिमेला देवाला वाहायच्या सुताच्या दोऱ्याचे ‘पोवते’ हे नाव ‘पवित्रक’ शब्दाचेच झिजलेले रूप आहे.