फोरमनच्या खिशातलं कार्ड

सॉफ्ट स्किल्स हे प्रकरण आयटी कंपन्यांबरोबर आलं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. इंग्रजी संभाषण आणि मुलाखतीची तयारी एवढ्यावर क्लासवाले ते आटोपतात. मागे जात राहिलं, तर आपण पोचतो ते युद्धकाळातल्या कारखान्यांत.

१९४० साली अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही सरकारी योजना सुरू झाली. युद्धसामग्रीची मागणी वाढत गेली, कसबी कामगार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी यंत्राला कधी हात न लावलेले लोक आले, त्यात बायका मोठ्या संख्येने. कालपर्यंत लेथवर उभा असलेला माणूस एकाएकी फोरमन झाला. लेथ त्याला येत होता, माणसं सांभाळायला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यासाठी योजनेत वेगळा वर्ग आखला गेला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, गटात दहाएक जण, आणि प्रत्येकाने आपल्याच खात्यातलं खरं भांडण मांडायचं. वर्ग संपला की खिशात ठेवायला एक छोटं कार्ड मिळे. आधी सगळी हकिकत गोळा करा, तोलून ठरवा, मग पाऊल उचला आणि शेवटी परिणाम तपासा, असे चार टप्पे त्यावर छापलेले असत. शिवाय काही सूचना: चांगलं काम केल्याचं श्रेय द्या, ज्या बदलाची झळ कामगाराला बसणार आहे, तो त्याला आधी सांगा. या शेवटच्या सूचनेचं मला फार मोल वाटतं. पाळी बदलल्याचं ज्याला थेट नोटीसबोर्डावरच कळतं, त्याला ती वेगळी समजवावी लागत नाही.

१९४५ साली युद्धाबरोबर योजनाही संपली. पुढे हे वर्ग जपानने उचलले आणि तिथल्या कारखान्यांत ते चांगले मुरले.

सॉफ्ट स्किल्स हे नाव रूढ व्हायला मात्र १९७२ उजाडावं लागलं, आणि तेही अमेरिकी लष्करात. रणगाडा चालवणं पायरी-पायरीने शिकवता येई. हाताखालच्या लोकांवर देखरेख कशी करावी, याच्या पायऱ्या कुणाला पाडता येईनात. टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस इथे त्या डिसेंबरात याच प्रश्नावर लष्कराची परिषद भरली. यंत्राशी फारसा संबंध न येणारी कौशल्यं ती सॉफ्ट, अशी ढोबळ व्याख्या संशोधक पॉल व्हिटमोर यांनी तिथे मांडली. माझ्या मते घोळ इथूनच सुरू झाला. यंत्राच्या मापात बसत नाही, ते हलकं समजलं जाऊ लागलं.

रोजगाराची दिशा मात्र नेमकी उलटी होती. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांच्या हिशेबानुसार, माणसांशी सतत संबंध येणाऱ्या कामांचा अमेरिकी रोजगारातला वाटा १९८० ते २०१२ या काळात जवळपास १२ टक्केबिंदूंनी वाढला.

मग प्रश्न मोबदल्याचा. अर्थशास्त्रज्ञ अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि त्यांच्या सहकाऱ्याने बंगळुरूच्या कपडे कारखान्यांत याचा कस लावून पाहिला. शिलाईच्या लाइनवरच्या बायकांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड झाली. निवडलेल्यांना कारखान्यातच सुमारे ८० तासांचं प्रशिक्षण मिळालं: बोलणं, अडचण सोडवणं, वेळ आणि ताण सांभाळणं. एका मशीनवर काम तुंबलं की अख्खी लाइन खोळंबते, तिथे वेळेवर तोंड उघडणं हेही उत्पादनच. प्रशिक्षण संपून काही महिने झाल्यावरही या बायकांची उत्पादकता इतरांपेक्षा १३.५ टक्क्यांनी जास्त होती. त्यांच्या लाइनवरच्या, प्रशिक्षण न मिळालेल्या बायकांचंही काम सुधारलं. शिकलेल्या बायकांची मजुरी वाढली ती जेमतेम अर्धा टक्का. बाकीचा बहुतेक सगळा फायदा मालकाकडे गेला.