न आलेल्या रुग्णांची मोजदाद

वैद्यकाच्या इतिहासात नवी औषधे आणि शस्त्रक्रिया यांची नोंद ठळकपणे होते. खेड्यातल्या डॉक्टरने नीट ठेवलेल्या नोंदवहीला तेथे क्वचितच जागा मिळते. डॉ. जूलियन ट्यूडर हार्ट (1927-2018) यांची नोंदवही याला अपवाद आहे.

रिचर्ड डॉल आणि आर्ची कॉक्रन या नामवंत संशोधकांबरोबर काम केल्यानंतर 1961 मध्ये हार्ट दक्षिण वेल्समधील ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावी डॉक्टर म्हणून गेले. गावची वस्ती सुमारे 2,000. ब्रिटनमध्ये 1948 पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. तिच्यात माणसे आपले नाव एका डॉक्टरकडे नोंदवून ठेवतात. त्यामुळे दवाखान्यात कधीच न येणाऱ्यांचीही यादी हार्ट यांच्याजवळ होती.

या यादीचा उपयोग काय? उच्च रक्तदाबाचे उदाहरण घेऊ. तो बहुधा त्रास न देता वाढतो. पुढे हृदयविकार किंवा पक्षाघात होतो. त्या काळातील पाहण्यांतून एक ढोबळ 'निम्म्याचा नियम' दिसला होता: रुग्णांपैकी निम्म्यांनाच आपला आजार माहीत असतो, त्यांतल्या निम्म्यांवरच उपचार होतात आणि त्यांतल्याही निम्म्यांचाच रक्तदाब आटोक्यात येतो. म्हणजे 100 पैकी जेमतेम 12-13 जण!

1968 पासून हार्ट यांनी गावातील 20 ते 64 वयाच्या सर्वांचा रक्तदाब मोजायला घेतला. कोणी खोकल्यासाठी आला तरी रक्तदाब मोजला जाई. यादीत उरलेल्यांना शोधून काढले जाई. पुढे किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला, याचीही तपासणी होई. थोडक्यात, अपूर्णांकाचा छेद 'आलेले रुग्ण' हा नव्हता, 'सर्व गाव' हा होता.

1971 मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखात त्यांनी एक निरीक्षण मांडले: चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता आणि लोकांची गरज यांचे प्रमाण व्यस्त असते. बाजारपेठेचा शिरकाव जितका अधिक, तितका हा नियम अधिक तीव्र होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पंचवीस वर्षांच्या कामाचा आढावा 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. 65 वर्षांच्या आतील मृत्यूंचे प्रमाण ग्लिनकोरुगमध्ये शेजारच्या तशाच गावापेक्षा सुमारे 30 टक्के कमी आढळले. तुलना दोनच लहान गावांची होती, त्यामुळे याला निर्णायक प्रयोग म्हणता येणार नाही. पण हे काम मोठ्या रुग्णालयाशिवाय, यादी, रक्तदाबमापक आणि चिकाटी यांच्या बळावर झाले, हे महत्त्वाचे.

शिक्षकांना ही रीत अनोळखी वाटू नये. शाळेचा निकाल काढताना आपण परीक्षेला बसलेल्यांना छेदस्थानी ठेवतो. पहिलीच्या हजेरीपटावर नाव असलेली आणि वाटेतच शाळा सुटलेली मुले तेथे धरली, तर निकाल किती टक्के लागेल?