टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण : निर्मिती, गुणधर्म आणि मर्यादा

तंजावूर : भिंतीचा रंग, कागद आणि टूथपेस्ट यांना शुभ्रता देणारे टायटॅनियम डायऑक्साइड, कणांचा आकार १०० नॅनोमीटरपेक्षा कमी झाला की वेगळे वागू लागते. तंजावूरच्या सास्त्रा अभिमत विद्यापीठासह देशातील अनेक संस्थांत धातूंच्या ऑक्साइडांच्या अशा नॅनोपदार्थांवर संशोधन सुरू आहे.

या पदार्थाचे एक प्रमुख खनिज म्हणजे इल्मेनाइट. ते तमिळनाडू, केरळ आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत आढळते. प्रयोगशाळेत मात्र नॅनोकणांसाठी बहुधा ‘सोल-जेल’ पद्धत वापरतात. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात आम्लयुक्त पाणी थेंबथेंब मिसळले जाते. तयार झालेले जेल वाळवून सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवले की ‘अ‍ॅनाटेज’ स्फटिक मिळतात. तापमान आणखी वाढवल्यास त्यांचे ‘रुटाइल’मध्ये रूपांतर होऊ लागते आणि कणही मोठे होतात. स्फटिकाचा प्रकार क्ष-किरण विवर्तनाने, तर आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ठरवतात.

आकार घटला की पृष्ठफळ वाढते. २० नॅनोमीटर व्यासाच्या एक ग्रॅम कणांचे एकूण पृष्ठफळ सुमारे ७५ चौरस मीटर भरते. हे कण दृश्य प्रकाश फारसा विखुरत नाहीत, पण अतिनील किरण शोषतात. म्हणूनच सनस्क्रीनचा थर त्वचेवर पांढरा दिसत नाही.

अ‍ॅनाटेजचा ऊर्जापट्ट सुमारे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो. अतिनील प्रकाशात त्याच्या पृष्ठभागावर तयार होणारे क्रियाशील ऑक्सिजनघटक रंगद्रव्ये आणि जिवाणू नष्ट करतात. जपानचे फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड वापरून प्रकाशाच्या साह्याने पाण्याचे विघटन दाखवले आणि या संशोधनाला वेग आला. तिरुपूरसारख्या कापड-रंगाई केंद्रांतील सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी हा गुणधर्म उपयोगी ठरू शकतो. मात्र सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. शिवाय पाण्यात मिसळलेली भुकटी परत गाळून काढणे कठीण असल्याने कण काचेवर किंवा अन्य आधारावर बसवावे लागतात.

सुरक्षिततेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. श्वासावाटे जाणाऱ्या या भुकटीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवले आहे. जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नसल्याचे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये सांगितल्यानंतर युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतील त्याचा वापर थांबवला. रंग किंवा काचेत पक्के बसलेले कण आणि हवेत उडणारी भुकटी यांचा धोका सारखा नसतो. त्यामुळे कण कोठे व कोणत्या स्वरूपात वापरले जातात, यावरच त्यांची उपयुक्तता आणि जोखीम ठरते.