पत्ता, पोस्टमन आणि स्वल्पविराम

आजचा विषय पत्त्याचा इतिहास. सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. १ मे १९९९ रोजी हिंगोली परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर एखाद्या पाकिटावर सवयीनं ‘जि. परभणी’ लिहिलं गेलं, तरी खाली ४३१५१३ हा पिन असला की पत्र हिंगोलीलाच येणार. कारण पिन जिल्ह्याचा नसतो, टपाल वाटणाऱ्या कार्यालयाचा असतो.

ही योजना १५ ऑगस्ट १९७२ ची. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. अडचण काय होती? एकाच नावाची अनेक गावं आणि अनेक लिप्या. आता बघा, संत नामदेवांचं नर्सी आपल्याकडे, आणि दुसरं नर्सी शेजारच्या नांदेड जिल्ह्यात! आकड्यानं हा घोळ मिटवला. उरलासुरला पोस्टमन मिटवायचा, कारण तो माणसं ओळखायचा.

ई-मेलमध्ये हा पोस्टमनच नाही. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चं चिन्ह ठेवलं. १९८२ च्या नियमावलीनं ठरवलं, की दोन पत्त्यांमध्ये स्वल्पविराम द्यायचा. पण कार्यालयातल्या याद्यांमध्ये आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव! ‘पाटील, रमेश’ असं लिहिलं की यंत्राला दोन माणसं दिसतात. म्हणून आउटलुकनं पत्त्यांमध्ये अर्धविराम घेतला. झालं, एका प्रोग्रॅममधली यादी दुसऱ्यात चिकटवली की गोंधळ.

जुनं सॉफ्टवेअर अजून वापरणाऱ्यांनी हे करून बघावं. आधी एकाच पत्त्यावर मेल पाठवा. ती गेली, तर दोष पत्त्यांमधल्या चिन्हात शोधा. नावात स्वल्पविराम असेल तर ते नाव दुहेरी अवतरणात घाला. आउटलुक २००३ आणि २००७ पूर्वी वापरलेले पत्ते लक्षात ठेवतं, आणि दोन अक्षरं टाइप केली की बदललेला, जुना पत्तासुद्धा पुढे करतं. तिथे बाणाच्या कळीनं त्या पत्त्यावर जा आणि डिलीट दाबा.

आता मुद्द्याचं सांगतो. परत आलेली मेल बरी. चूक झाली हे निदान कळतं. वाईट ती, जी दुसऱ्याच माणसाच्या खऱ्या पत्त्यावर जाते. नोकरीचा अर्ज असो की पेन्शनचा कागद, पाठवणारा उत्तराची वाट बघत राहतो आणि तारीख निघून जाते.

तत्त्वज्ञानात आम्ही शब्द आणि त्यामागचा हेतू वेगळे मानतो. पोस्टमन हेतू वाचायचा, यंत्र फक्त चिन्ह वाचतं. म्हणजे समजून घेण्याचं जे काम पूर्वी टपाल खातं करायचं, ते आता पाठवणाऱ्याच्या अंगावर आलं आहे. पत्त्याच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल, आणि तो कुणी जाहीर केलाच नाही.